खिंडीतली घंटी

॥ श्री ॥

लोहारा, यवतमाळ
१९ जानेवारी २०२५

ती. विमलताईस,
शीलाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. फोनवर तुझं अं, अं ऐकत बसण्यापेक्षा हे बरं. कॉन्व्हेंट शाळेत शनिवारच्या तासाला सिस्टर आपल्याकडून पत्रं लिहून घ्यायच्या, त्याचा उपयोग म्हातारपणी बहिऱ्या बहिणीसाठी होईल असं वाटलं नव्हतं. कानातलं यंत्र कानात घालत जा, पर्समध्ये ठेवून ते ऐकत नाही.

नयन तुझा लाडका भाचा, म्हणून त्याची तक्रार तुझ्याकडेच. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झाला, पण रविवार आला की सायकल घेऊन रानात. डांबर नको, मोटारी नकोत, ट्रक तर नकोच. शेतांमधल्या पांदणी आणि डोंगरातल्या मुरमाच्या वाटा शोधून त्यानं सायकलवाल्यांसाठी पाच रस्ते ठरवले आहेत. नागपूर-अमरावतीची माणसं यायला लागली आहेत. होळीच्या आधीच्या रविवारी, नऊ मार्चला, चाळीस जण तिसऱ्या रस्त्यानं येणार आहेत.

ताई, तो तिसरा रस्ता आत्याच्या गावाहून खिंडीतून यवतमाळला येतो. त्यानं नकाशा दाखवला तेव्हा मी मेथी निवडत होते. नुसती निवडत राहिले. उकंडादादाबद्दल त्याला एवढंच ठाऊक आहे की आपला एक मामा सायकलवरून पडून गेला. कुठे, ते आपण घरात कधी बोललोच नाही.

आणखी एक. खिंडीत पावसानं रस्ता खचला होता. शेजारी दगडांचा मोठा ढीग आयताच होता, तो ढकलून या पोरांनी खड्डा बुजवला. तेव्हापासून म्हणे तिथे मागून सायकलची घंटी वाजते. ही बाजूला होतात, तर मागे कुणी नसतं. नयन म्हणतो, एखादं पाखरू असेल. मी हो म्हणाले.

तब्येतीला जप आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शीला


नागपूर
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. शीला हीस,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचलं. मोठी बहीण म्हणून आजवर तुला एकच आज्ञा केली होती, माझ्या ओढण्या न विचारता घेऊ नकोस, तीही तू पाळली नाहीस. आता ही दुसरी. नयनला तो रस्ता बंद करायला सांग. चार रस्ते पुरेसे आहेत. नेरकडचा आहे, आर्णीच्या अलीकडचा आहे, तिकडे खुशाल फिरा. कारण विचारलंस तर मी लिहिणार नाही.

फक्त एवढं त्याला विचारून कळव. घंटी दोनदा खणखणीत वाजते आणि तिसऱ्यांदा अर्धीच, असं होतं का? आणि कुठल्या बाजूनं येते? आत्याच्या गावाकडे जाताना, की घराकडे येताना?

तुझ्या पायाची सूज कशी आहे? हळदीचा लेप लाव. जे सुचतं ते लिहिते आहे. पत्राची वाट पाहते.

तुझी,
विमलताई


लोहारा
६ फेब्रुवारी २०२५

ती. विमलमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आईनं तुझं पत्र पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, तूच उत्तर दे. शाळेनंतर पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे, चुका मोजू नकोस.

मावशी, मला जरा भीती वाटते आहे. दोनदा खणखण आणि तिसऱ्यांदा अर्धी, अगदी तशीच वाजते. हे मी आईला सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं? आमच्यापैकी एकाच्याही सायकलला घंटी नाही. आमच्यातला रजत तर म्हणतो, असल्या सायकलला घंटी लावणं म्हणजे घोड्याला घुंगरू. आणि ती घराकडे येतानाच वाजते. खिंडीचा चढ संपतो आणि यवतमाळकडचा उतार लागतो, तिथे. जाताना कधीच नाही.

परवा तिथे तांड्यावरचा डोंगरसिंग भेटला. सत्तरीचा असेल. ढीग जागेवर नाही हे पाहून त्यानं मला असं झापलं की काय सांगू. म्हणाला, शाळा शिकले पण अक्कल घेतली नाही का बाबू, कोणाचे दगड कायले उचलता? मी म्हणालो, दगड काय, दगडच आहेत. तर म्हणाला, ते सायकलवाल्या पोराचे आहेत. डोंगरसिंगच्या बापाला, भावसिंगला, तो पोरगा सापडला. रातभर एकटा पडून होता बिचारा, म्हणून बापानं तिथे एक दगड ठेवला. तेव्हापासून तिथून जो जातो तो एक ठेवतो, लाकडं आणायला जाणाऱ्या बायाही ठेवतात. म्हणजे त्याले समजते, कोणी तरी येऊन राह्यलं. तुम्ही त्याची सोबतच उचलून खड्ड्यात टाकली.

मावशी, तो मामाच ना? मी घरी येऊन आईला विचारलं, तर ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बसली. तू सांगशील ते करीन. रस्ता बंद म्हणालीस तर बंद. चाळीस जणांना मी कळवीन. पण मला खरं सांग.

तुझा,
नयन


नागपूर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शीला हीस,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

हे पत्र आधी तू वाच, मग नयनला द्यावंसं वाटलं तर दे.

आईची दोन मुलं गेल्यावर तो झाला, म्हणून आजीनं त्याला उकंड्यावर, उकिरड्यात लोळवून आणलं आणि तेच नाव ठेवलं. टाकलेल्या पोराकडे मरण बघत नाही म्हणे. शाळेत तो उदय होता, पण घरात उकंडाच. मी हाक मारली की चिडायचा आणि घंटी वाजवत गल्लीतून निघून जायचा. घंटीची स्प्रिंग सैल झाली होती. बाबांनी नवीन आणून दिली तरी बदलली नाही.

माझ्या साखरपुड्याचं सांगायला तो आत्याकडे निघाला तेव्हा त्याला दारात मी अडवलं होतं. महिनाभर आधी सडकेवर ट्रकनं एका पोस्टमनला उडवलं होतं. मी त्याला माझी शपथ घातली की जाताना आणि येताना दोन्ही वेळा खिंडीच्या रस्त्यानं जा, तिकडे गाडीघोडा नाही. तो हसला आणि म्हणाला, नवरी बाई, अजून लग्न नाही झालं तर सासूगिरी चालू.

आत्यानं त्याला जेवू घातलं आणि सडकेनं जा असं बजावलं. तरी तो खिंडीतून आला. दुसऱ्या दिवशी दुपारी भावसिंगला दिसला. डॉक्टर म्हणाले होते की लगेच कोणी उचललं असतं तर वाचला असता. तुला आठवत असेल, बाबा मरेपर्यंत ओसरीवर बसून एकच म्हणायचे, सडक सोडून रानात काहून शिरला रे? सडकेनं कोणी तरी पाह्यलं असतं. मी पदरात तोंड घालून चहा ठेवायचे. एकदाही म्हणाले नाही की बाबा, मी पाठवला.

आता नयन तोच रस्ता लोकांना सांगतो आहे आणि त्याच कारणासाठी. तिथे गाडीघोडा नाही. म्हणून म्हणते, बंद कर.

यानंतर तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तरी मी समजेन. पण पत्र टाक. कोरं असलं तरी चालेल.

विमल


लोहारा
२० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोरं कसं टाकू?

तो सायकल काढत होता तेव्हा तू आत कुंकवाची वाटी आणायला गेली होतीस. मी त्याच्या कॅरिअरला लटकले होते. होळी आठ दिवसांवर होती. रंग भिजवायला पळसाची फुलं आणशील तर तुझं नाव वर्गात कुणाला सांगणार नाही, अशी मी त्याला धमकी दिली होती. पळस कुठला ताई, सडकेवर? तो खिंडीतलाच. तो मला नेहमीच्या नावानं म्हणाला, टोपली, येताना आणतो, जाताना तोडली तर सुकतील.

सायकल घरी आली त्या दिवशी सगळे बाहेर बसले होते. हँडलला त्याची कापडी पिशवी तशीच होती. मी तिच्यात हात घातला. पिशवी भरून फुलं होती. मी ती दप्तरात कोंबली आणि शाळेत डेस्कमध्ये लपवली. बारा दिवसांनी सिस्टरांनी डेस्क उघडलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, चित्रकलेसाठी आहेत. माझ्या शाळेच्या पिनाफोरला पिवळा डाग पडला होता, तो आईनं किती घासला. तू मला चिडवायचीस ना, शीला होळी खेळत नाही, ती सिस्टर होणार आहे म्हणून? त्याचं कारण हे.

बाबांचं ते काहून मीही ऐकत होते. दाराच्या या बाजूला तू होतीस आणि त्या बाजूला मी.

त्याला शपथेनं तिकडे नेलं की फुलांनी, हे आता कोण सांगणार. पण पंचेचाळीस वर्षं तू एकटी नव्हतीस, एवढं ऐक. यंत्र न घालताही ऐक.

मी नयनला सगळं सांगितलं. सकाळी पाहते तर सायकलला फावडं बांधून खिंडीत गेलेला. खड्ड्यातून एकेक दगड काढून त्यानं पुन्हा रचला, खड्डा मुरमानं भरला. डोंगरसिंग बांधावर बसून मोजत होता म्हणे, एकही मागे राहू नये म्हणून. रस्त्याचं काय करायचं, ते तू येऊन ठरव. पाहिल्याशिवाय बंद म्हणू नकोस.

येशील ना? तुझी खोली झाडून ठेवते.

तुझी,
शीला


नागपूर
१२ मार्च २०२५

चि. सौ. शीला हीस,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

सुखरूप पोचले. तू दिलेली तिखट शेव बसमध्येच संपली, शेजारच्या बाईनं निम्मी खाल्ली.

तिथे तोंडानं जे जमलं नाही ते लिहिते. रविवारी जीपमधून उतरले तेव्हा बंद हा शब्द मी जिभेवर धरून आले होते. मग ढीग पाहिला. छातीइतका उंच. मी आयुष्यभर त्याला एकाकी डोळ्यांसमोर आणत होते, आणि इथे इतकी माणसं येऊन गेली होती. रानातून मोळ्या वाहणाऱ्या, नाव माहीत नसणाऱ्या. आलो नव्हतो त्या आपणच दोघी. रस्त्यावर कोणी नव्हतं म्हणून तो गेला, आणि आता चाळीस जण येताहेत तर मी त्यांना अडवू? म्हणून नयनला म्हणाले, चालू ठेव, पण एकट्यानं कोणी यायचं नाही आणि दगड ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आपण दोघींनी दगड ठेवले, तेव्हा सायकलवाले अजून खाली चढाच्या पायथ्याशी होते. डोंगरसिंग बिडी पेटवत होता. मग मला मागून घंटी ऐकू आली. दोनदा, आणि तिसऱ्यांदा अर्धी. मी उजवीकडे झाले. पाहते तर तू डावीकडे झालेली. मधला रस्ता मोकळा. नयन विचारत राहिला, मावशी, काय झालं? तू पदर सावरलास आणि मी चष्मा पुसला.

शीला, यंत्र माझ्या पर्समध्ये होतं. म्हणून विचारते. तू मला पाहून सरकलीस की तुलाही ऐकू आली? खोटं लिहू नकोस, माझं मन राखायला तर मुळीच नको.

तुझी,
विमलताई


लोहारा
१६ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी तुझ्याआधी सरकले. तू तुझा चष्मा शोधत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही.

चाळीस जणांनी चाळीस दगड ठेवले. कुणालाच घंटी ऐकू आली नाही, नयनलाही नाही. डोंगरसिंग त्याला म्हणाला, आता काय वाजते बाबू, तो उताराले लागला.

होळीला मी पळसाची फुलं भिजवली. नयननंच आणली होती. रंग छान उतरला, तुला एका बाटलीत भरून ठेवला आहे, ओढणीवर सांडू नकोस.

आणि हे नयनला सांगितलेलं नाही. त्या रविवारी तू गेल्यावर, दिवेलागणीला मी तुळशीपाशी होते. नयन आंघोळीला गेला होता, त्याची सायकल भिंतीला टेकलेली होती. फाटकाबाहेर घंटी वाजली. दोनदा, आणि तिसऱ्यांदा अर्धी.

मी फाटक उघडलं आणि बाजूला उभी राहिले.

आता होळीला इकडेच येत जा. आपण तिघं भावंडं इथे आहोत.

तुझी,
टोपली