जावळाआधीचा फोटो

१२ फेब्रु., बुध.
ह्यांच्या लेन्स कपाटातून काढल्या आणि हे आठवले. सोमवारी आमचा फोटो स्टुडिओ बंद असायचा. माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने आम्ही दोघं लेन्स पुसत बसायचो, मध्ये चहा. काच उजेडाकडे धरून हे विचारायचे, "धूळ दिसून राह्यली काय वं?"
रविवारी नातीचं, पिहूचं जावळ. सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन, सेवाग्रामला. नितीनचा जावळाआधीचा फोटो ह्यांनी काढला होता, खिडकीपाशी, कुरळे केस कपाळावर. त्याच्या लेकीचे अगदी तसेच. तसा एक फोटो मला पिहूचा हवा. नंतरचं कोणी सांगावं.

१३, गुरु.
३५ची लेन्स लावली, खोली लहान म्हणून. चेहरा भरायला पार जवळ गेले तर पिहूचं नाक बटाट्याएवढं. सून प्रणिता हसून लोटपोट. "आई, याले तर नजर बी लागत नाई!"
मग ५०. पिहूने लेन्सच धरली. "मले, मले!" काचेवर बोटं उमटली. पुसली नाहीत.

१४, शुक्र.
८५. मी व्हरांड्यात, ती आत खिडकीशी, आपल्याच नादात. पण लेन्स जड, स्थिर धरवत नाही. त्यात ह्यांच्या सवयीने अॅपर्चर, उजेड आत घेणारं लेन्सचं तोंड, पूर्ण उघडं ठेवलं. केस एकेक स्पष्ट, डोळे धुरकट. ती हलली तशी ओरडले तिच्यावर.
प्रणिता म्हणाली, "दम लागून राह्यला तुम्हाले. काऊन एवढा हट्ट?"
सोमवारचं माहीत आहे तिला.

१५, शनि.
कॅमेरा दिसला की पिहू तोंड लपवते. कालचं ओरडणं...
नितीन पुण्याला नोकरीला, तिथून त्याचा फोन. "मोबाइलवर काढ ना आई. निघालोच मी."

१६, रवि.
न्हावी अंगणात येऊन बसला. नितीनला म्हटलं, तिला घेऊन खिडकीत बस फक्त. त्याने तिच्या केसांत बोटं घातली. ती त्याच्याकडे बघत राहिली. ८५च. खांदा चौकटीला टेकवला, अॅपर्चर या वेळी लहान करून चारवर. लहानपणच्या कॉन्व्हेंट शाळेतली प्रार्थना आपोआप ओठांवर. बटण दाबलं.
बाहेरून हाक, "आना जी पोरीले!"
केस गेले. फोटो अजून पाहिला नाही. धीर नाही.

उद्या लवकर निघायचं. प्रणिता, ८५ तुला. पोर दिवसभर तुझ्या अंगाखांद्यावर. कधी लांबूनही बघ तिला. ३५ नितीनला. त्या लेन्सने जवळ गेल्याशिवाय चेहरा मिळत नाही. कॅमेऱ्यातलं कार्डही त्यालाच, आधी त्याने बघावं. ५० पिहूची. साडीचा तुकडा माझ्या उशीखाली आहे, पण तिची बोटं उमटलेली ती काच कोणी पुसू नका. आल्यावर मी पुसेन.