मागे फिरले ते काहून

अधारताल, जबलपूर

प्रिय विनू,

बारा दिवस झाले, तू माझा फोन उचलून नाही राहिलीस. बाबांशी मात्र बोलतेस. फोन वाजला की ते अंगणात जातात आणि परत आल्यावर माझ्याकडे न बघता सांगतात, बाळीचं वजन दोन किलो सहाशे झालं, किंवा काल जरा जास्त रडली. मी विचारत नाही, पण ते सांगतात. पुष्पामावशीनं तुला सहज सांगितलं की मी हैदराबादहून परत फिरले त्या दिवशी तुझे बाबा बाजारात पपया निवडत होते, आणि तुला कळलं की त्यांना चक्कर बिक्कर काही आली नव्हती. खरंच आली नव्हती. ती थाप माझी. बाबा फक्त माझ्यासाठी हो म्हणाले. काय झालं ते सगळं लिहिते, कारण फोनवर माझ्याच्यानं ते बोलवणार नाही. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, माहीत आहे. तरी दिवाकररावांना वाचायला देऊ नकोस. आधी तू एकटी वाच.

त्या सकाळी मी फार खुशीत होते गं. नातीला बावीस दिवस झाले होते, आठव्याच महिन्यात आली म्हणून दवाखान्यातून घरी यायला इतके दिवस लागले, आणि आता तीन महिने मी तुझ्याजवळ राहणार होते. पिशवीत डिंकाचे लाडू, अळीव, बाबांच्या जुन्या धोतराची धुऊन मऊ झालेली दुपटी. डुमना विमानतळावर बाबा आत येऊ शकत नव्हते, तर काचेबाहेरून हात हलवत राहिले. हैदराबादचं ते विमान लहान, दोन-दोन खुर्च्यांचं. तू हौसेनं खिडकीची जागा घेतली होतीस, आईला ढग दिसावेत म्हणून. शेजारी एक म्हातारा आला. सत्तरीचा असेल, स्वच्छ धोतर-सदरा, गळ्यात गमछा. नाव नथ्थू. बरगीचा, धरणात मासे धरतो. पहिल्यांदाच विमानात बसून राहिला होता. पट्टा कसा लावायचा ते मी दाखवलं, नातीला बघायला चाललेय म्हणून सांगितलं, तर त्यानं हात जोडले.

दार बंद झालं आणि त्याला खोकला सुरू झाला.

साधा नव्हता तो, विनू. एकदा लागला की थांबायचाच नाही. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, मान खाली, आणि शेवटी हवा आत ओढताना आरवल्यासारखा लांब आवाज. मी मास्क वर ओढला. वरच्या हवेच्या झोताचं तोंड त्याच्याकडे फिरवलं, मग वाटलं त्यानं उलट होईल, म्हणून परत फिरवलं. हवाईसुंदरीला बोलावून जागा बदलून मागितली. ती म्हणाली, सॉरी मॅम, एकही सीट रिकामी नाही. हे त्या माणसानं ऐकलं. गमछा तोंडावर धरून पूर्ण मधल्या वाटेकडे वळून बसला, मला पाठ करून, आणि पुढचे पावणेदोन तास तसाच बसला. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला त्याची हलणारी पाठ. उठायचं तर त्याला ओलांडून, आणि जायचं तरी कुठे? बाहेर तू म्हणालीस तसे ढग होते. मी एकदाही पाहिले नाहीत. एकदा तर श्वास किती वेळ रोखून धरता येतो ते पाहिलं. चाळीसपर्यंत मोजलं आणि मग मोठा श्वास घ्यावाच लागला.

मग मीच विचारलं, किती दिवसांपासून आहे हे? तो म्हणाला, "बीस-बाईस दिन हो गए, दीदी. घर में छोटी नातिन को थी, खाँसते-खाँसते नीली पड़ जाती थी. अब वो ठीक है, हमको पकड़ लिया." इतकं बोलल्यानं त्याला पुन्हा उबळ आली.

नीली पड़ जाती थी. डांग्या खोकला. तो मी ओळखते.

विमान उतरलं. खरं सांगू? तोवर मी मनाशी तोडगा काढला होता. तुझ्या घरी गेल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, कपडे बाहेर टाकायचे, मास्क लावूनच बाळीला घ्यायचं, दोन दिवस दुरूनच बघायचं. इतक्या लांब आलेच आहे तर. सामानाच्या पट्ट्याजवळ तो परत दिसला. एक बोचकं आणि खोकं, खोक्यावर सुतळी. चार हातांवरून मी विचारलं, कोणाकडे आलात? त्याचं तोंड उजळलं. म्हणाला, मुलगा इथे मिस्त्रीकाम करतो, त्याला पहिलं बाळ झालंय, नऊ दिवस झाले. त्यानंच तिकीट पाठवलं.

विनू, मी त्याला तिथे लोकांदेखत म्हटलं, बाबा, बाळाजवळ जाऊ नका. आधी डॉक्टरला दाखवा. हा खोकला तुम्हाला काही करणार नाही, पण नऊ दिवसांच्या बाळाला सोसत नाही. शाळेत पोरांना दरडावायचे तसं बोलले. तो गोंधळून म्हणाला, "बच्चे को देखने ही तो आए हैं, दीदी." मी म्हटलं, दुरून बघा, दारातून बघा. त्यानं मान हलवली. आणि मग अगदी साधेपणानं, काही टोचून बोलायचं म्हणून नाही, विचारलं, "आप भी तो नातिन के पास जा रही हैं ना? आप भी हमारे बाजू में बैठी थीं. तो आप क्या करेंगी?"

मी सामान घेतलं. बाहेर पडायच्या दारातून दिवाकरराव दिसले, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात फोन, टाचा उंच करून मला शोधून राहिले होते. मी उलटी फिरले, पार शेवटच्या दारानं निघाले आणि खांबाआड उभी राहून त्यांना फोन केला की बाबांना चक्कर आली, मी आतल्या आतूनच परत निघतेय. त्यांनी एवढंच विचारलं, आई, मी येऊ का सोबत? इतका चांगला जावई, आणि मी पन्नास पावलांवरून त्याच्याशी खोटं बोलत होते. मग बाबांना फोन केला. ते म्हणाले, बरं, ये. दुपारच्या विमानानं नागपूर, तिथून टॅक्सी. त्या विमानात माझा घसा नुसता कोरडा पडला म्हणून एकदा ठसका लागला, तर शेजारच्या बाईनं आपल्या लेकीचा चेहरा पदरानं झाकला. मला तिचा राग नाही आला.

ओमतीच्या डॉक्टर श्यामसुंदरजींनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तीन आठवडे वाट बघा म्हणाले. मी वरच्या खोलीत राहिले, ताट पायरीवर घ्यायची. आणि आता तुला आणखी राग येईल असं सांगते. मला काहीही झालं नाही. एक शिंकही नाही. मी आले असते तरी चाललं असतं, कदाचित. तुला टाके, दूध येत नाही, बाळी दर दीड तासानं उठते, आणि तू एकटी. ते तीन आठवडे तुला परत देता येत नाहीत मला. त्या नथ्थूनं नातवाला हातात घेतलं की नाही, तेही मला कधी कळणार नाही. त्याचा नंबर घ्यायला हवा होता.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हा तिसरा कागद. तू माझी पहिली नाहीस, विनू. तुझ्याआधी, चौऱ्याऐंशी साली, नागपूरला माझ्या माहेरी तुझी बहीण झाली. काळीभोर, खूप केसांची. सव्वा महिन्यानं मी तिला घेऊन बसनं जबलपूरला यायला निघाले. शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर चार वर्षांची पोर, अशीच खोकत होती. सिवनीच्या पुढे तर सारखीच. मला कळत होतं की हे बरं नाही. पण काय म्हणावं त्या बाईला, तिला काय वाटेल, म्हणून मी गप्प बसले. उलट त्या पोरीनं बाळ बघायचं म्हटलं तर मी दुपट्याचं टोक बाजूला केलं. तिनं बाळाच्या गालाचा पापा घेतला. मी हसले. आठव्या दिवशी बाळानं दूध पिणं सोडलं. इतकं लहान बाळ धड खोकतही नाही गं, त्याचा नुसता श्वास थांबतो आणि ते निळं पडतं. अकरा दिवस दवाखान्यात होतो. एकसष्टाव्या दिवशी ती गेली. तुझ्या आजीनं कपडे आवरले, पाळणा कोणाला तरी देऊन टाकला, आणि म्हणाली, आता ह्या घरात तिचं नाव निघायचं नाही. फोटो काढलाच नव्हता. तीन वर्षांनी तू झालीस, सगळे तुला पहिली म्हणाले, आणि मीही म्हटलं. तुला लहानपणी कोणाच्या वाढदिवसाला पाठवत नव्हते, रेल्वेत कोणाजवळ बसू देत नव्हते, त्यावरून तू किती भांडायचीस! आई, तू काहून अशी करते? मी म्हणायचे, चल, गप बस. त्या दिवशीही खरं सांगायचं तर हिच्यापासूनच सुरू करावं लागलं असतं, म्हणून ती चक्कर.

परवा बाळीचं पहिलं टोचणं झालं, असं बाबा सांगत आले तेव्हा मी खूप रडले. त्यांना म्हटलं, मी विनूला सगळं लिहिणार आहे. वाटलं, चिडतील. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, नर्मदेचं लिही, तिचे केस कसे होते तेही लिही. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं. मला वाटायचं, विसरले. विनू, माफ कर म्हणायला हे पत्र नाही. तुझ्यापासून एक माणूस मी लपवून ठेवलं होतं, ते तुला द्यायला आहे. तीन आठवडे काल पूर्ण झाले. डॉक्टर म्हणतात, जा. मला बाळीला हातात घ्यायचंय आणि मला तिची फार भीती वाटते. दोन्ही खरं आहे, आणि ही भीती माझ्यासोबत येईल, ती इथे ठेवून येता येत नाही. अशी आई तुला चालत असेल तर सांग. तिकीट मी काढलेलं नाही. तू म्हणालीस तरच काढीन.

तुझीच, आणि नर्मदेचीही,
आई