शिलाईवालीची पोटरी

४ मार्च, सोमवार
नातीच्या दवाखान्याला आज महिना झाला. पाटीवर ऑस्टिओपॅथी लिहिलंय. माझ्या जिभेला ते झेपत नाही, मी आपली 'हातवाली डॉक्टर' म्हणते. गोळी नाही, सुई नाही — नुसत्या हातांनी मान, पाठ, सांधे मोकळे करते पोर. मी बाहेरच्या खोलीत बसून आल्यागेल्याला 'बसा' म्हणते. आज एक बाई म्हणाली, "आजी, नातीनं हात तुमचाच उचललाय." मी चौथी शिकलेली, पण चाळीस वर्षं बाळंतिणी चोळल्यात. दिवसभर तरंगत होते!

७ मार्च, गुरुवार
कोपऱ्यावरची शिलाईवाली आली. माझे कपडे तीच शिवते, आणि बाही दरवेळी तंग करते. लेकीकडून दोन दिवस गाडीत बसून आलेली. एक पोटरी दुखते म्हणाली. आत नात एका म्हाताऱ्याच्या कंबरेत गुंतलेली. ही बाहेर कण्हतेय. म्हटलं, "आणा इकडे पाय." मांडीवर घेऊन चांगला रगडला. गरम लागला — वाटलं, चोळल्यानंच. ती म्हणे, "आजी, बरं वाटलं हो."

मग ती आत गेली, मागोमाग मीही. नातीनं दोन्ही पोटऱ्यांना हाताची पालथी बाजू लावली, टेपनं माप घेतलं आणि हात मागे घेतला. "ह्या पायाला मी हात लावणार नाही. शिरेत रक्ताची गुठळी असणार. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा. आणि चोळायचं अजिबात नाही. गुठळी सुटली तर थेट फुफ्फुसात."

शिलाईवालीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या चपला शोधायला खाली वाकले.

८ मार्च, शुक्रवार
चहाच्या वेळी नातीला विचारलं, "समजा, कुणी चोळलाच असा पाय तर?"
"का गं?"
"सहज."
"माणूस जातं, आजी. बोलता बोलता."
कप तसाच ठेवला. दोनदा तोंड उघडलं सांगायला. म्हटलं, पोर दमलीय. पोर कसली दमलीय, मीच भ्याले.

९ मार्च, शनिवार
फोन तीनदा वाजला. उचलला नाही.

११ मार्च, सोमवार
मोठ्या दवाखान्यातून शिलाईवालीच्या लेकीचा फोन. पहाटेपासून छातीत दुखतंय, श्वास पुरत नाही, नाकाला नळी लावलीय. नात म्हणाली, "वेळेवर पाठवलं होतं गं मी." मी म्हटलं, हो. एवढंच म्हटलं. हे दोन हात कुठं ठेवू कळत नाही. मांडीवर ठेवले की तो पाय आठवतो.

१२ मार्च, मंगळवार
अजून तशीच आहे.

१४ मार्च, गुरुवार
वाचली. नळी काढली, दोन घोट पाणी प्याली. मी मोरीत जाऊन रडले. लगेच मन म्हणतं, वाचली ना, मग आता कशाला सांगतेस? मेलं लबाड मन.

१५ मार्च, शुक्रवार
मोठ्या सरकारी दवाखान्यातून चौकशीचे दोघं साहेब आले, हातात कागद. शिलाईवालीनं सांगितलंय, पाय इथं चोळला. कुणी, ते काही केल्या सांगत नाही. मी दाराआड उभी. नातीनं कागद वाचला. मग तिनं दाराकडे बघितलं — नीट, माझ्याकडेच. आणि म्हणाली, "मीच चोळला." सही केली. चौकशी होईतो दवाखाना बंद.

ते गेल्यावर मला म्हणाली, "जेवून घे, आजी." एवढंच. एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं.

१६ मार्च, शनिवार
पाटी उतरवायला माणूस शिडी लावतोय. त्याला म्हटलं, बाबा, तासभर थांब. नात आत आहे, तिला विचारलेलं नाही. ही वही घेऊन मोठ्या दवाखान्यात निघालेय. सात तारखेचं पान त्या दोघा साहेबांना वाचून दाखवते.