मेमरी परत पाठवतोय, चेमोको

चवळीखाऊ त्राओरे कुळाचं एकुलतं एक भूषण, आमच्या पणजोबांच्या काळापासूनचा आमचा गुलाम, हल्ली मुक्काम आबिजान, चेमोको यास सेगूहून त्याचा धनी झुमाना जारा याचा सलाम.

कसा आहेस? रात्री झोप सुखाची लागते ना? पोट कसं आहे (इतकी चवळी रिचवून ते अजून शाबूत आहे, ही देवाचीच करामत)? गुडघे, दात, पाठ, सगळं जागच्या जागी आहे ना? तुझ्या खोलीत राहणारा तो सोरी मास्तर बरा आहे ना? इकडे सगळं शांत. तुझ्या वासावहिनीची कंबर सोडली तर घरात कुणाचं काही दुखत नाही, आणि ती कंबरही मी चहा मागितला की मगच दुखते. आपल्या पोरीचं, सितानचं लग्न रमजानच्या आधीच्या महिन्यात पक्कं झालंय, हे तुला फोनवर सांगितलंच. त्यावर तू 'बघू, कामातून सुटका झाली तर' असं पुटपुटलास, तेही माझ्या लक्षात आहे. वासाला आणि पोरीला ते मी सांगितलेलं नाही. जारांच्या घरचं लग्न, आणि नवरीच्या दारात आडवा पडून वाट अडवायला, नवरदेवाच्या नाकावरून सगळ्या वऱ्हाडाला हसवायला थट्टेच्या नात्यातला घरचा त्राओरे नाही, याला काय लग्न म्हणायचं? त्यापेक्षा लोकांना भात वाढावा आणि घरी पाठवावं. तू यावंस, एवढंच माझं मागणं आहे. पण ते राहू दे, आधी रॅमचं सांगतो.

बसवाल्या कुलिबाली ड्रायव्हरने तुझं पुडकं आणून दिलं. (सिकासोला तो ते चहाच्या टपरीवर विसरला होता, पुढच्या फेरीला जाऊन घेऊन आला. कुलिबाली म्हटल्यावर एवढं धरूनच चालायचं.) मोज्यात गुंडाळलेली रॅमची पट्टी पाहून जीव हरखून गेला बघ. इकडे लग्नसराई सुरू झालीय, अर्धं सेगू माझ्याकडे पत्रिका छापून घेतं, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या डबड्याची गत अशी की त्याला पत्रिकेवर एक फूल चिकटवायला सांगावं आणि आपण नदीवर जाऊन आंघोळ करून यावं. तू बोलून पाठवलेल्या निरोपात म्हणालास, ही लाव, घोड्यासारखं पळेल. तो निरोप आम्ही पुन्हा पुन्हा लावून ऐकला. वासा म्हणाली, भाऊजींचा आवाज खोल गेलाय. मी म्हटलं, तिकडे चवळी मिळत नसेल.

आता पट्टी बसवणं म्हणजे काय मोठं? तुला बसवताना मी जन्मभर बघत आलोय (काम तू करायचं, चुका मी काढायच्या, अशी आपली वाटणी). डबडं उघडलं तर आत पाल. साधीसुधी नाही, बिऱ्हाड थाटून, अंडी घालून बसलेली. पळालीसुद्धा नाही. दुपारच्या झोपेतून उठवलेल्या सासूसारखी माझ्याकडे बघत राहिली. तिला कशीबशी पलीकडे सरकवून पट्टी खाचेत दाबली, खटका बसला, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं, तर मशीनने अशी बोंब ठोकली की रस्त्यावरची गाढवं थांबली. पडदा काळाकुट्ट. पट्टी काढली की मशीन गुमान चालू, लावली की बोंब. खाच बदलली, जुनी काढून नवी एकटीच लावून पाहिली, उलट करून लावायलाही गेलो (बसत नाही उलटी, हे आता कळलं). मशीन काही तिला घरात घ्यायला तयार नाही.

मग तुझ्या दुरुस्तीच्या बंद दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली आपली चहाची मंडळी जमली, आणि मंडळी जमली म्हणजे काय होतं ते तुला माहीतच आहे. सायकलवाला म्हणाला धूळ आहे, आणि पंप घेऊन आला. या दिवसांत वाळवंटाकडून वारा सुटलेला, डबड्यात चार वर्षांची धूळ साठलेली. त्याने एकच अशी फुंकर मारली की सगळ्यांच्या चहाचा चिखल झाला आणि पाल अंड्यांसकट परागंदा झाली. खाटीक म्हणाला नीट दाबली नसेल, आणि बैलाची मान धरणाऱ्या हातांनी त्याने ती दाबली. आतून काहीतरी करकरलं. आम्ही सगळे आकाशाकडे बघू लागलो. निवृत्त पोस्टमनने पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले, हा इलाज तूच शिकवलेला, आणि पट्टी नव्या नवरीसारखी चकाकायला लागली, पण बोंब तीच. शेवटी कुणीतरी म्हणालं, फळीवर मंत्र लिहून धुतलेलं पाणी द्या. खरंच विचारायला गेलो रे मी, इतका टेकीला आलो होतो. ते पाणी देणारे मौलवीबाबा म्हणाले, "माझं पाणी पोट असणाऱ्यांसाठी आहे, झुमाना. हिला पाजलंस तर उरलंसुरलंही जाईल." शहाणा माणूस.

आणि या सगळ्यात प्रत्येक जण काय म्हणत होता सांगू? चेमोको असता तर. पहिला ग्लास, चेमोको असता तर. दुसरा ग्लास, चेमोको असता तर. मी म्हटलं, चेमोको असता तर तुमच्या वाटणीची साखर संपली असती. सगळे हसले, पण नेहमीसारखे नाही. तू गेल्यापासून मला या गावात कुणी शिवी दिलेली नाही, चेमोको. जो येतो तो झुमानाबाबा, झुमानाबाबा करतो. मान द्यायला काय, कुणीही देतं. सकाळी दुकान उघडताना पलीकडून 'उठलास का रे आळशी चवळीच्या पोत्या' म्हणणारं माणूस नसलं की दिवस सुरू झाला असं वाटतच नाही. कधी कधी मीच तुझ्या कुलपाला दोन शिव्या घालतो आणि कामाला लागतो.

असो. शेवटी डबडं ढकलगाडीवर घालून त्या माइगाकडे नेलं. तू गेल्यावर बाजाराजवळ त्याने दुकान टाकलंय, गावचा तो, चांगलं शिकलेलं पोरगं. पण तुझ्या-माझ्या कुळांत आहे तसं माइगांचं आणि आमचं पिढीजात थट्टेचं नातं नाही, त्यामुळे बोलणं सगळं तुपात घोळवलेलं. त्याने माझी तब्येत विचारली, वासाची विचारली, लग्नाची तयारी विचारली, गाईची विचारली (माझ्याकडे गाय नाही, पण नाही म्हणायचं जिवावर आलं). मग पट्टी भिंगाखाली धरली आणि भिंगच पुन्हा पुन्हा पुसत बसला. मी म्हटलं, बोल बाबा, मी काही मरत नाही.

तो म्हणाला, "पट्टी उत्तम आहे, बाबा. फक्त ही मोठ्या मशीनची आहे. बँकेत रात्रंदिवस चालू असतात ना, त्यांची. आपल्या मशीनला ही कधीच चालणार नाही. तसं लिहिलंय तिच्यावर."

कुठे लिहिलंय, म्हणून मी विचारलं, तर त्याने भिंग माझ्या हातात दिलं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मला भिंगातूनही धड लागेनात. आणि मला आठवलं, असलीच एक पट्टी मोप्तीचा एक व्यापारी घेऊन आला होता, तू ती त्याच्या हातात असतानाच, पलीकडच्या स्टुलावरून, चष्म्याशिवाय वाचलीस आणि म्हणालास, ही घालायला आधी बँक विकत घे. सगळा बाजार आठवडाभर हसत होता. मी माइगाला म्हटलं, आमचा गुलाम आता साहेब झालाय, हाताखाली माणसं आहेत, तो नुसती देखरेख करतो, त्यांनीच घोळ घातला असणार. माइगा म्हणाला, तसंच असेल बाबा. सभ्य माणूस. त्याच्या जागी तू असतास तर तोंडावर म्हणाला असतास, झुमाना, खोटं बोलतोस.

परत येताना तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसलो. पट्टी खिशात होती. मला तुझी फार आठवण येते, चेमोको. हे मी लिहितोय, बोललो नसतो, बोललो असतो तर तू पुढची दहा वर्षं सगळ्यांना सांगत सुटला असतास. पण येते. पोरगी रोज विचारते, काका कधी निघणार. मी म्हणतो, निघेल, त्राओरे फुकटचं जेवण सोडतो काय.

पट्टी कुलिबालीबरोबर त्याच मोज्यातून परत पाठवतोय. दुसरी पाठवू नकोस. डबडं चालेल तसं चालेल. सांभाळून राहा.

तुझा मालक, अन्नदाता आणि दुर्दैवाने मित्र,
झुमाना जारा

ता. क. वासाने वाळवलेल्या भेंडीची पूड दिलीय. तिच्या मते आबिजानमध्ये लोक उपाशी मरतात.

ता. क. सितानच्या पत्रिका छापून झाल्या. एकेक करून, रडतखडत, पण झाल्या. नवरीची वाट अडवणार म्हणून तुझं नाव खाली ठळक छापलंय. पाचशे पत्रिका मी काही परत छापणार नाही.

ता. क. आता हे सोरी मास्तर, तुमच्यासाठी. सलाम. हे पत्र तुम्हीच त्याला वाचून दाखवत आहात, हे मला ठाऊक आहे. थांबू नका, मोठ्यानेच वाचा, त्यालाही ऐकू दे. गेलं वर्षभर चेमोको दोन शब्द लिहीत नाही, सगळं बोलून पाठवतो. फोटो पाठवला तर डोळ्यांवर काळा चष्मा आणि तोंड भिंतीकडे. फोनवर भर दुपारी मला विचारतो, अंधार पडला का रे. आणि आता ही पट्टी. हाताने चाचपून ठीक लागली असेल, म्हणून पाठवली. त्याला दिसत नाही, मास्तर. एवढंच काय ते माइगाच्या दुकानात मला कळलं. मीही बोलूनच निरोप पाठवला असता, पण तो त्याने एकट्याने ऐकला असता, पुसला असता आणि पुन्हा म्हणाला असता, कामात आहे. कागद मात्र त्याला कुणाकडून तरी वाचून घ्यावाच लागणार. म्हणून हा कागद. तुम्हाला ठाऊक होतंच, आता मला कळलंय, आणि मला कळलंय हे त्याला कळलंय.

तर त्याला कुलिबालीच्या बसमध्ये बसवून द्या. खिडकीची जागा देऊ नका, त्याच्यावर वाया जाईल. रडायला लागला तर एक सणसणीत शिवी द्या, तुमच्या घराण्याला परवानगी नसेल तर माझ्या नावाने द्या. दारात आडवं पडायला डोळे लागत नाहीत म्हणावं. तो विचारेल, मला तिथे काही दिसणार नाही, मी येऊन काय करू? त्याला सांगा, झुमाना म्हणतो, तुला आम्ही दिसावं म्हणून कोण बोलावतंय? आम्हाला तू दिसावास म्हणून बोलावतोय.