कुवेतचे पोपट आणि तीन राजांचा सण

पापडी, वसई
ता. १७ जानेवारी १९७८

ती. फ्लॉसी मावशीस,
हिलरीचा सप्रेम जय ख्रिस्त, वि. वि.

इकडे आम्ही सर्व देवाच्या दयेने खुशाल आहोत. (बाबांचा गुडघा खुशाल नाही, पण तो कधीच नसतो, म्हणून त्याला या ‘सर्वां’त धरलेला नाही.) तुझी तब्येत कशी आहे? हॉस्पिटलात दुसऱ्यांना औषधं देता देता स्वतः वेळेवर जेवतेस ना? तिकडे कुवेतला सध्या अंगावर दोन कांबळी घ्यावी लागतात असं रजेवर आलेला युजीन सांगत होता. युजीन जे सांगतो त्याला दोनाने भागायचं असतं, म्हणजे एक तरी लागत असणार. ते घेत जा. थोरल्या ताईला आगाशीला मुलगी झाली हे तुला आईने कळवलंच असेल. बाळ सुखरूप आहे आणि सगळ्या घराण्यात फक्त त्या बाळानेच अजून माझ्या शर्टाबद्दल मत दिलेलं नाही.

तर तो शर्ट. मावशी, तू युजीनबरोबर पाठवलेलं सव्वादोन मीटर कापड नाताळच्या आदल्या दिवशी पोचलं. पिवळं धमक कापड, त्यावर हिरवे पोपट आणि प्रत्येक पोपटाच्या पायाखाली एक लालभडक अननस. पोपटही चिमुकले नव्हेत, एकेक आपल्या अंगणातल्या कोंबड्याएवढा. युजीनने ते ओट्यावर पसरलं तेव्हा आमची मांजर उठून पेरूवर चढली (पोपट बघून चढली की रंग बघून, ते कळायला मार्ग नाही). बाबांनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला, हे कापड आहे की कॅलेंडर एवढंच विचारलं आणि ते पानवेलींना पाणी घालायला गेले, जे त्यांनी सकाळीच घातलं होतं. मला मात्र ते बघताक्षणी आवडलं. तुझं मन राखायला लिहीत नाही. गेली चार वर्षं मी शाळेत भूमिती शिकवतो आणि खडूची भुकटी दिसू नये म्हणून चार वर्षं पांढरा नाहीतर फिका निळा शर्ट घालतो. त्या शर्टात मी फळ्यासमोर उभा राहिलो तर वर्गाला आधी फळा दिसतो. या कापडात तसं होण्याची भीती नव्हती.

आता घाई का होती ते सांगतो. नंदाखालची हेलन म्हणून एक मुलगी आहे, घरी शिवणक्लास चालवते. एमिली आत्याने तिच्या आईशी ठरवलं होतं ते असं, की तीन राजांच्या सणाला, म्हणजे आठ तारखेच्या रविवारी, मायलेकींनी आपल्या चर्चमध्ये मिस्सेला यायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि मुलगा बघून घ्यायचा. पसंत पडला तर मिस्सेनंतर आमच्याकडे चहाला यायचं. नाही पडला तर नाक्यावरून नंदाखालची एसटी पकडायची. कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, कोणी वाईट वाटून घ्यायचं नाही. चहा किंवा एसटी, संपला विषय. इतरांचा संपत असेल, माझा संपणार नव्हता. कारण हेलनला मी गेल्या वर्षी एका लग्नात बघितलं होतं. ती बँडच्या पुढे अशी काही हसत नाचत होती की मी जेवायचा विसरलो आणि उपाशी घरी आलो (त्या लग्नात वडे होते, यावरून काय ते समज). तेव्हापासून ती सोडून दुसऱ्या कोणाचं नाव निघालं की मला वर्गपाठ तपासायचे आठवतात. त्यामुळे नाक्यावर एसटीचा नुसता हॉर्न वाजला तरी मी खिडकी लावून घेत होतो.

कापड घेऊन थॉमस टेलरकडे गेलो. नाताळ ते उपवासकाळ या एवढ्याशा फटीत आपल्या वसईला वर्षभराची लग्नं कोंबायची असतात, तेव्हा थॉमस दिसतच नव्हता, सुटांच्या ढिगामागून नुसता त्याचा आवाज येत होता. आवाजाने सांगितलं की उपवासकाळ लागतो त्या राखेच्या बुधवारपर्यंत बटण लावायलाही सवड नाही. मी कापड उलगडून दाखवलं. आवाज म्हणाला की राखेच्या बुधवारनंतरही नाही.

म्हणून मी ठरवलं की घरीच शिवायचा. हसू नकोस. चर्चमधल्या वेदीसेवकांचे पांढरे झगे दरवर्षी आपल्याच घरी शिवले जातात हे तू विसरली नसशील. आई कापते आणि मशीन मी मारतो, सहावीत असल्यापासून. माझी टीप दोरीसारखी सरळ येते, हे मी नाही, आधीचे फादर म्हणाले होते. आई त्या वेळी ताईच्या बाळंतपणाला आगाशीला, तेव्हा या खेपेला कापणंही माझ्याकडे आलं. पण त्यात काय अवघड? बारा वर्षं कापडाचं दुसरं टोक मीच धरलंय. कापड मधोमध दुमडायचं, दुमड खांद्यावर येऊ द्यायची, मधे गळा कापायचा, बाजूच्या शिवणी मारायच्या, अर्धी पाठ, अर्धं पोट, झालं. खांद्याला शिवणच नाही. थॉमस आणि जगातले बाकीचे शिंपी पुढचा आणि मागचा भाग वेगळा कापून खांद्यावर जोडण्यात उगाच वेळ का घालवतात, याचं मला त्या दिवशी मनापासून नवल वाटलं. (हे वाक्य लक्षात ठेव. मला ते अजून झोपेत आठवतं.)

शिवण्याआधी कापड आटावं म्हणून पाण्यात भिजवून अंगणात दोरीवर टाकलं. तेवढ्यात जूचंद्र गावची मासळीवाली भागूबाई सुकटीची पाटी घेऊन आली. ती आधी दोरीला पाठ करून बसली, मग वळली आणि तिने छातीवर हात ठेवला. “आरं बाला, एवढं पोपट पाललंस, यांना दानापानी कोन घालतं?” म्हणाली, आणि जाताना खरोखरच एका पोपटाला सुकटीचा बोंबील दाखवून गेली.

पुढचे पाच दिवस मी शर्टात होतो, म्हणजे शर्टाच्या कामात. काय सांगू मावशी, काय आनंद होता तो! भूमितीत रेषेला जाडी नसते, तिला उचलून अंगावर घेता येत नाही. इथे मी खडूने रेघ मारली की संध्याकाळी तिची बाही व्हायची. समोर बटणपट्टीसाठी कापड उभं कापलं तेव्हा मधला पोपट दोन भागांत गेला, पण पट्टी अशी बेताने बसवली की बटणं लावली की पोपट पुन्हा एक व्हायचा, आणि तिसरं बटण बरोब्बर चोचीत. कॉलरने मात्र रडवलं. चार कॉलरी झाल्या. पहिली लहान मुलाची झाली, दुसरी पाद्र्याची झाली, तिसरी उलटीच शिवली गेली, आणि चौथीला कापड उरलं ते असं की दोन्ही टोकांवर पोपटाचा एकेक डोळा आला. हनुवटीखालून दोन डोळे लोकांवर रोखलेले! मला ते फार रुबाबदार वाटलं. शनिवारी शर्ट घालून कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो तेव्हा चार पोपट आणि मी, पाचही जण छाती काढून उभे होतो. बाबा दारात येऊन बघून गेले. जाता जाता ‘येशू मरी’ म्हणाले ते मला ऐकू आलं.

रविवारी मी मुद्दाम तिसऱ्या बाकावर बसलो, मागून दिसावं म्हणून. आई आगाशीहून थेट चर्चला आली आणि बायकांच्या बाजूला पुढे जाऊन बसली. मिस्सा सुरू झाली आणि थोड्याच वेळात मागे काहीतरी कुजबुज, खोकणं, बाकांचं करकरणं सुरू झालं. मला वाटलं थंडी आहे, लोक खोकणारच. फादर प्रवचनात दूरदेशाहून अपूर्व वस्तू घेऊन आलेल्या ज्ञानी माणसांबद्दल बोलत होते आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा माझ्या कॉलरवर येऊन अडखळत होती, तेव्हा मी मनात तुला आशीर्वाद दिले. मग एकमेकांना शांती द्यायची वेळ आली आणि मी मागे वळलो. मावशी, मागचं अख्खं चर्च मान उजव्या खांद्यावर टाकून बसलं होतं! म्हातारे, मध्यमवयीन, झाडून सगळे, जणू सगळ्या पापडीच्या एकदम मानेत वारं भरलं होतं. शेवटच्या बाकावर हेलन होती. तिने तोंडात रुमाल धरला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे गदगदत होते. काय ही मुलीची भक्ती, असं मनात म्हणून मी पुढे वळलो.

मिस्सा सुटल्यावर एमिली आत्या माझ्याजवळ आली, तिने माझ्याकडे पुढून बघितलं, मागून बघितलं आणि मायलेकी एसटीच्या नाक्याकडे गेल्याचं सांगितलं. का गेल्या ते तिने सांगितलं नाही, कोणीच सांगेना. जो तो पाठीवर हात ठेवून, पोपटाला कुरवाळल्यासारखा, पुढे जात होता. सांगितलं ते फाटकाबाहेर बसलेल्या भागूबाईने. “आरं बाला, पुढचं पोपट बरं हायेत. मागचं का रं उलटं टांगलंस?”

मी तिथेच उभ्या उभ्या समजलो. झगा पांढरा असतो मावशी! पांढऱ्याला वर-खाली नसतं! खांद्यावर दुमड घातली की पुढचे पोपट डोकं वर करून उभे राहतात आणि मागचे सगळे, अननसांसकट, पाय वर करून लटकतात. आणि मी, जो पोरांना आकृती उलटून दाखवत पगार घेतो, तो ही आकृती पाठीवर घेऊन देवासमोर तासभर बसलो, आणि नेमकी पाठच तिने बघितली. फार वाईट वाटलं ग. लोक हसले त्याचं नाही. ती एसटीत चढली असेल याचं.

घरी येऊन शर्ट काढून खाटेवर टाकला आणि गंजीफ्रॉकवर आतल्या खोलीत बसून राहिलो. तेवढ्यात ओट्यावर चपलांचा आवाज आला. हेलन आणि तिची आई! एसटी आली होती, आई पायरीवर चढलीही होती, पण हेलनने तिला हाताला धरून खाली उतरवलं होतं, असं मागाहून कळलं. आल्या आल्या हेलनने पाणीसुद्धा न पिता शर्ट कुठे आहे म्हणून विचारलं. मी दाराआड, अंगावर धड कपडा नाही, शाळेचे शर्ट दोरीवर वाळत आणि हा बाहेर खाटेवर. तेव्हा मुलगा बघण्याचा कार्यक्रम शर्टाचाच झाला. तिने तो उलटा केला, बाजूच्या शिवणी उजेडात धरल्या, काजं नखाने तपासली, कॉलर मुडपून बघितली, आणि मी फटीतून तिच्याकडे बघत राहिलो. टीप कोणी घातली, तिने विचारलं. माझी आई म्हणाली, हिलरीने. आणि कापलं कोणी? यावर सगळ्यांनी नुसतं दाराकडे बघितलं. मग ती दाराकडे तोंड करून, मला दिसतंय हे माहीत असल्यासारखी, म्हणाली, “टीप मला आवडली. कापायचं मी बघीन.”

आईने चहाचं आधण ठेवलं. लग्न ईस्टरनंतर, एप्रिलात करायचं ठरतंय. तू रजेसाठी आजच अर्ज टाक. घरच्या सर्वांचा तुला नमस्कार.

तुझा,
हिलरी

ता. क. या पत्राचं मुख्य कारण लिहायचं राहिलं. त्याच कापडाचे अडीच मीटर परत पाठवशील का? तोच पिवळा, तेच पोपट. माझ्यासाठी नको. बाबांसाठी. परवा मी शाळेतून लवकर आलो तर बाबा माझा शर्ट घालून पानवेलीत पाणी घालत होते. मला बघून म्हणाले, मळलेला दिसला म्हणून घातला. कॅलेंडरबद्दल काही बोलले नाहीत.

ता. क. २. आज हेलन इकडे आली आहे, म्हणून पत्र जाताना नाक्यावरच्या पेटीत टाकायला तिच्याकडे दिलं होतं. तिने पाकीट बंद नव्हतं हे निमित्त करून सगळं वाचलं आहे आणि खाली काहीतरी लिहिते म्हणते. मला बघू देत नाही.

मावशी, जय ख्रिस्त. मी हेलन. बाबांचं कापड जरूर पाठवा, ते मी कापीन आणि दोन्हीकडचे पोपट सरळ ठेवीन. ह्यांचा शर्ट उसवून नीट करून द्या म्हणून हे सारखे मागे लागलेत, पण तो मी तसाच ठेवणार आहे. मिस्सेला बायकांच्या बाजूने, मागून बघितलं तर सगळ्या पुरुषांच्या पाठी सारख्याच दिसतात. माझा माणूस कुठे बसलाय ते आता मला शोधावं लागणार नाही.