दोरीवरचा जांभळा टी-शर्ट

आई,
रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तान्ह्या थांडेकाची छाती परत घरघरत होती. पण काळजी करू नको, आता दूध प्यायली. तुझ्या कोंबड्या अंडी घालतात का?

इथं निवडणूक आलीय, दोघं उभे आहेत. महलांगू म्हणतो, कोळशाचं वीजघर चालूच ठेवीन, कुणाची नोकरी जाणार नाही. स्कोसानाबाई म्हणते, धूर बंद करीन, उन्हावर वीज करू. पोरीसाठी मला बाईचं पटतं. पण नवरा वीजघरातच कामाला. वीजघर बंद झालं तर मधल्या काळात आम्ही खायचं काय, ते बाई सांगत नाही.

तिच्या सभेत तिच्या पक्षाचा जांभळा टी-शर्ट फुकट मिळाला. मऊ आहे, म्हणून पोरीला त्यात गुंडाळते. काल धुऊन दोरीवर टाकला, तर संध्याकाळी नवऱ्याच्या कामावरचे चौघे फाटकाशी आले.

"काय वहिनी, आमची चूल विझवताय होय?" म्हणून हसले. जाताना एक जण म्हणाला, "असली पत्र्या-फळ्यांची घरं लवकर पेटतात." नवरा खाली बघत बसला.

बाकी सगळं बरं आहे.
तुझी बुसिसिवे

आईला हे जे कोणी वाचून दाखवतंय, त्यांनी पुढचं मोठ्यानं वाचू नका. माझा फोन नवऱ्याकडे असतो. माझ्या भावाला, मांडलाला, तुम्ही फोन करा. म्हणावं, टॅक्सी घेऊन ये आणि आम्हा दोघींना घेऊन जा.