पपईशिवायचं कॉकटेल

प्रिय सुनंदा,

जमलं बरं का! दुपारचे साडेतीन वाजलेत, बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय, ओट्यावर आंब्याच्या साली तशाच पडल्यात, फरशीला चप्पल चिकटतेय आणि आतल्या खोलीत आपली अश्विनी कूलरसमोर गाढ झोपलीय. मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. माझ्या चिंचोळीच्या कंपनीत फोन करून 'मी घरी कॉकटेल केलं' असं सांगितलं, तर उद्या अख्खं डिपार्टमेंट ग्लास घेऊन दारात उभं राहील. म्हणून तुलाच लिहायला बसलो.

तसा मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? लग्नानंतर तू माहेरी असताना दोनच पत्रं लिहिली होती. त्यातल्या दुसऱ्यात 'गॅस संपला आहे, कधी येतेस?' एवढीच ओळ होती. त्यावरून तू वर्षभर मला चिडवलंस. हे तिसरं पत्र. जरा लांबेल, सांभाळून घे.

आधी मोठी बातमी. तू आजी होणार आहेस! पाचवा महिना लागलाय. तू गेलीस त्याला अजून वर्ष झालेलं नाही, आणि एवढ्यात हे. थोडी थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? जाऊ दे. भांडायला हे पत्र नाही.

होळीच्या सुमारास अश्विनीला फोनवर विचारलं, बाळंतपणाचं काय ठरवलंयस? पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं तरी काय आहे, असंच मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, "इथंच पुण्यात करू म्हणते बाबा. सासूबाई आहेत. तिथं कोण आहे?"

मी 'हो, बरोबर आहे' म्हणालो आणि फोन ठेवला. पोरीनं टोचायला म्हटलं नव्हतं, मला कळतं. पण तो प्रश्न काही घराबाहेर जाईना. सकाळी डबा भरताना, नळाला पाणी आलं की पिंपं भरताना तो आपला माझ्यासमोर उभाच. तिथं कोण आहे? अगं, मी आहे की!

मग मोहोळला माझ्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं. मी अक्षतांपुरता जाऊन येणार, अश्विनी लग्नाला येऊन तिथूनच पुण्याला परत जाणार, असं ठरलेलं. मी म्हटलं, एक दिवस घरी येऊन जा. आधी ती 'लई दमायला होतं बाबा' म्हणाली, मग तयार झाली आणि बोलता बोलता म्हणाली, "यंदा आईच्या फळांच्या कॉकटेलची सारखी आठवण येते. दुकानातलं खाल्लं दोनदा. तसं लागत नाही."

झालं! मला काम मिळालं. पोरीचे डोहाळे आणि तेही आपल्या घरातले. मी एक आठवड्याची रजा टाकली. साहेब म्हणाले, कारण काय लिहू? मी म्हटलं, घरगुती.

आता तुला हसायचं तेवढं हस. ते कॉकटेल कसं करतात, याबद्दल मला काय माहिती होती? तू दूध आटवून गोठवायचीस, फळांच्या फोडी वेगळ्या गोठवायचीस, मग दोन्ही मिक्सरमध्ये फिरवून वाटीत काढायचीस आणि वर डाळिंबाचे दाणे. बस्स. आणि शाळेला सुट्टी लागली की फ्रीजरमध्ये माझ्या पाण्याच्या बाटलीला जागा नसायची, म्हणून मी कुरकुर करायचो, एवढं पक्कं आठवतं.

तुझी वही काढली. पुरणपोळी आहे, मसाला आहे, लोणच्याला दोन पानं आहेत. कॉकटेलपुढं काय लिहिलंयस? 'नेहमीसारखं.' अगं बाई, नेहमीसारखं म्हणजे कसं? माझ्या हाताखालच्या एखाद्या पोरानं मशीनच्या वहीत असं लिहिलं असतं तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं.

खरी पंचाईत पुढं होती. चव कशी जुळवायची? तीस वर्षं मी मशीनं जुळवतोय, पण त्यालाही एक नमुना समोर लागतो. इथं नमुनाच नाही, कारण मी ते कधी खाल्लंच नव्हतं. दर उन्हाळ्यात तू वाटी पुढं करायचीस आणि मी म्हणायचो, मला नको, तुम्ही खा, माझे दात शिवशिवतात. आज कबूल करतो सुनंदा, दात कधीच शिवशिवत नव्हते. बाप माणसानं लेकरासारखं वाटी-चमचा घेऊन चाटत बसणं मला बरं दिसत नव्हतं. तुम्ही दोघी फरशीवर पाय पसरून खात बसायचात आणि मी खुर्चीत पेपर वाचल्यासारखं करायचो. किती मूर्ख माणूस! तुझ्या हातचं होतं तोवर खाल्लं नाही, याचं फार वाईट वाटतं.

पण रडत बसायला वेळ नव्हता. अश्विनी यायला पाच दिवस होते. मी मंडईत गेलो आणि ट्रायलचा माल आणला. चिकू, केळी, द्राक्षं, डाळिंब आणि ही एवढी मोठी पपई. पपई मला पक्की आठवत होती, कारण दर मे महिन्यात तिच्या काळ्या बिया पेपरात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं काम माझ्याकडं असायचं. दूध आटवलं, एकदा उतू गेलं, ते तुला सांगत नाही. फोडी केल्या. त्या ठेवायला वरच्या फळीवरचा पांढरा, रुंद तोंडाचा डबा काढला. झाकण घट्ट, फ्रीजरमध्ये बरोबर बसणारा. दोनदा घासला, उन्हात वाळवला. एवढा चांगला डबा तू वर का टाकलास, असंही मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मिक्सर फिरवला. रंग काय सुरेख आला! चमचाभर तोंडात टाकलं. आयुष्यातला पहिला घास. थंड, गोड आणि मागून काहीतरी वेगळंच. मला वाटलं, असंच असेल. दुकानातलं याच्यापुढं फिकं पडतं ते यामुळंच!

मोठ्या तोऱ्यात वाटी घेऊन शेजारी नागमणी वहिनींकडं गेलो. त्यांनी दारातच पायरीवर बसून एक चमचा खाल्ला. थांबल्या. दुसरा खाल्ला.

"भाऊ, फळं झकास हायत," त्या म्हणाल्या, "पण भाकरी कुटं हाय?"

मला काही कळेना. त्यांनी वाटी माझ्या नाकाखाली धरली. लसूण! तो तुझा शेंगाचटणीचा डबा होता ना? वर्षानुवर्षं त्याच डब्यातून अश्विनीला पुण्याला चटणी जायची. प्लॅस्टिकनं लसूण पार पोटात घेतलेला, दोनदा घासून काय होतंय? वहिनी हसून हसून भिंतीला टेकल्या. मीही हसलो. मग त्यांनी चमच्यानं वाटीतलं ढवळून पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं.

"ह्यात पपई हाय व्हय?"

"आहे की. निम्मी पपईच आहे."

"अश्विनीसाठी करताय न्हवं?"

"हो."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "पोटुशी बाई पपई खात न्हाय, भाऊ. आमच्यात तर अशा वेळंला घरात बी आणत न्हाईत."

सुनंदा, मी तिथंच पायरीवर बसलो. ही गोष्ट तुला झोपेतही माहीत असती. मला नव्हती. म्हणजे पोर बरोबरच बोलली होती की. तिथं कोण आहे? पपईनं भरलेला डबा घेऊन बसलेला एक बाप आहे. वाटलं, पुरे झालं, तिला सांगावं, बाई गं, तुझ्या सासूबाईच बऱ्या.

मी तसं बोलूनही दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "सुनंदाक्काला तरी पयल्या खेपंला काय म्हाईत हुतं? ती बी हितंच ह्या पायरीवर येऊन माज्या सासूला इचारायची. इचारायला काय लागतंय?"

तू विचारायचीस? मला वाटायचं, तुम्हा बायकांना हे सगळं जन्मतःच येतं. एवढ्या वर्षांत कधी बोलली नाहीस.

मग मी घरी जाऊन तुझी वही आणि पेन घेऊन आलो आणि तासभर वहिनींना विचारत बसलो. काय खायचं, काय नाही. अननस नको, शहाळं चालतं, ताक चालतं. पाय सुजले तर काय करायचं. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला कोण येतं, तिला किती आधी सांगून ठेवावं लागतं. शेक कसा देतात. डिंकाचे लाडू कधीपासून सुरू करायचे. एक-दोन गोष्टी विचारताना माझे कान लाल झाले, पण विचारल्या. वहिनींनीही तोंडाला पदर लावून का होईना, सगळं सांगितलं.

दुसरी ट्रायल स्टीलच्या डब्यात. पपईच्या जागी हापूस आणि रंगाला थोडं उकडलेलं गाजर, ही वहिनींची युक्ती. चिकू वाढवला. या वेळी लसणाचा वासही नाही! काल सगळं गोठवून तयार ठेवलं आणि आज सकाळी दहा वाजता, अश्विनी मोहोळहून निघाल्याचा फोन आला आणि लाईट गेली.

मी वायरमनला फोन केला, तर तो म्हणाला, दोन-अडीच तास धरा. अडीच तास! एवढ्या उन्हात! मी फ्रीजरमधून डबे काढले, गोठलेल्या पाण्याच्या बाटल्या काढल्या, सगळं एकमेकांना चिकटवून ठेवलं आणि आपली ती जाड चादर, लग्नात आलेली, तिच्यात घट्ट गुंडाळलं. तीन घड्या घातल्या. बाहेरचं ऊन आत शिरता कामा नये, आमच्या कंपनीतल्या भट्टीच्या उलटं गणित. मग ते गाठोडं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून शेजारी हातपंखा घेऊन बसलो.

अश्विनी आली, दारातच थबकली. चेहरा उतरलेला. तू नसताना ती या घरात पहिल्यांदाच एकटी येत होती. तिची नजर आधी तुझ्या खुर्चीकडं गेली, मग माझ्याकडं, मग त्या गाठोड्याकडं.

"बाबा, हे काय गुंडाळून ठेवलंय? बाळ तर अजून यायचंय."

हसलो गं दोघं. घरात इतक्या महिन्यांनी हसू आलं.

साडेबाराला लाईट आली. चादर सोडली तर फोडी टणटणीत! मी मिक्सर लावला, वाटी भरली, वर डाळिंब टाकलं आणि तिच्या हातात दिली. इतकी धाकधूक मला नवीन मशीन पहिल्यांदा सुरू करतानाही होत नाही.

ती खायला लागली. मी उभाच.

"साखर जास्त झालीय," ती म्हणाली. मग आणखी एक चमचा घेतला. "रंग पण वेगळा आहे. पपई नाही घातली?"

"तुला चालत नाही ना."

तिचा चमचा वाटीतच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नागमणी वहिनींनी. मी विचारलं. म्हणजे आधी घातली होती, मग विचारलं." आणि मग मी सगळंच सांगून टाकलं, चटणीच्या डब्यासकट. भाकरी कुटं हाय म्हटल्यावर ती पोट धरून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. अशा वेळी तू तिला जवळ घ्यायचीस. मला सुचलं नाही. मी म्हटलं, वितळतंय, खा. तिनं मान हलवली आणि खाल्लं. एक वाटी संपवून दुसरी मागितली. मी माझ्यासाठीही एक घेतली आणि तिच्याशेजारी फरशीवर बसलो.

"आणखी काय काय विचारलंत?" तिनं विचारलं.

मी वही उघडून वाचून दाखवलं. न्हाऊ घालणारी मावशी, शेक, लाडू, पाळणा कुणाकडून आणायचा ते. ती ऐकत होती, चमच्यानं वाटीचा तळ खरवडत होती. मग वर न बघता म्हणाली, "सातव्यात न्यायला तुम्हीच या. काकांना पाठवू नका."

मी 'येतो' म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकामाच मिक्सर फिरवला. बराच वेळ फिरवला.

आता ती उठेल. उठल्यावर चहा लागेल आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचं तिनं सकाळपर्यंत पुढं ढकललंय, म्हणजे रात्री पिठलं-भाकरीही लागेल. भाकरी वहिनींकडून येणार आहे, तेवढं माझ्याच्यानं अजून होत नाही.

सुनंदा, शब्द देतो. सातव्या महिन्यात मी स्वतः जाऊन तिला घेऊन येईन. मला येत नाही ते ज्याला येतं त्याच्या दारात जाऊन विचारीन, लाजणार नाही. तुझ्याइतकं नीट होणार नाही, काही चुकेलही. पण बाळ पहिल्यांदा रडेल तेव्हा दाराबाहेर खुर्ची टाकून मी बसलेला असेन, आणि त्याला आजी कशी होती हे सांगायला सुरुवात त्याच दिवशी करीन.

तुझा,
सुरेश